धायगुड्यांची छत्री

तुकोजी धायगुडे वीज खात्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर छत्तीस वर्षांची नोकरी, एक शाल, एक श्रीफळ आणि इंदूरच्या पश्चिम भागात त्यांच्या देखरेखीखाली ओढल्या गेलेल्या कित्येक मैल तारा होत्या. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी मुलीने त्यांना नवा मोबाइल दिला, आणि त्यांनी त्या तारा एकेक करून पुसायला घेतल्या.

पुसायला म्हणजे फोटोतून. मुलगी सुरभी पुण्याला नोकरी करते. दिवाळीला आली असताना तिने वडिलांना दाखवलं, की फोटोत एखादी वस्तू नकोशी वाटली तर तिच्याभोवती बोटाने रेघ ओढायची आणि बटण दाबायचं. दोन क्षणांत ती वस्तू नाहीशी होते. मग रिकाम्या जागी काय असायला हवं होतं, ते मोबाइलमधली एआय आजूबाजूचं पाहून भरून काढते.

"स्वतःच भरते?" तुकोजींनी विचारलं.

"हो ना बाबा. अंदाजाने."

तुकोजींनी मोबाइल उलटा करून त्याची पाठ पाहिली. मोठ्या शोधाची पाठ माणूस अशीच तपासत असावा.

मी सुदामा नगरात त्यांच्या समोरच्या घरात बारा वर्षं राहतो, त्यामुळे पुढचं सगळं मला रोज सकाळी माझ्या फोनवर पाहायला मिळालं. आमच्या गल्लीतल्या मराठी घरांचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. त्यावर तुकोजी दररोज गल्लीचा एक फोटो टाकू लागले. पहिल्या आठवड्यात त्यातून तारा गेल्या. दुसऱ्या आठवड्यात खांब गेले. मग पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे, रस्त्यावर लावलेल्या स्कूटर आणि वळणावरचा पाणीपुरीचा ठेला. एक गाय रोज माझ्या फाटकापाशी उभी राहते. माझ्या गावी अशा गाईला सकाळची पहिली पोळी देण्याची पद्धत होती. तुकोजींनी तिला वर्तुळात घेतलं. आमचं शहर स्वच्छतेत देशात पहिलं येतं, याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे. पण तुकोजींच्या फोटोतली गल्ली इतकी स्वच्छ झाली की तिच्यात कुणी राहत असेल अशी शंका येईना.

"काय सरजी, कशी वाटली?" ते फाटकातून विचारत. मी शाळेत शिकवतो, म्हणून त्यांच्या लेखी मी सरजी.

"सुंदर आहे. फक्त माझं घर दिसलं नाही."

"तुमच्या घरासमोर ट्रान्सफॉर्मर होता ना. तो काढताना थोडं घर पण निघून गेलं. दुसरा फोटो काढतो."

त्या ट्रान्सफॉर्मरसाठी त्यांनी एकेकाळी वरिष्ठांकडे सात अर्ज केले होते, हे मला त्यांनीच सांगितलं होतं.

घरात या कलेचं स्वागत इतक्या संयमाने झालं नाही. पुतण्याच्या, जयेशच्या लग्नातल्या एका फोटोत तुकोजींच्या पत्नीचे, कुमुदिनीबाईंचे, थोरले भाऊ तोंडात जिलबी धरून उभे होते. तुकोजींनी त्यांना काढून टाकलं आणि फोटो सगळ्या नातलगांना पाठवला. भाऊ गेले, पण त्यांचा हात नवरदेवाच्या खांद्यावर होता, तो तिथेच राहिला. मनगटापासून पुढे त्या हाताला कुणी मालक नव्हता.

"माझा भाऊ म्हणजे फालतू सामान आहे का हो?" कुमुदिनीबाईंचा आवाज आमच्या ओसरीपर्यंत आला.

"अगं, फ्रेम बिघडत होती."

"चाळीस वर्षं झाली, तुमचीच फ्रेम सांभाळतेय मी. मी कधी गोल काढला का तुमच्याभोवती?"

भाऊ तीन महिने आले नाहीत. तुकोजींना त्याचं फार वाईट वाटल्याचं दिसलं नाही. त्यांच्या दृष्टीने चूक एवढीच होती, की हात राहून गेला.

आता दुसऱ्या एका फोटोविषयी सांगायला हवं.

इंदुरात आम्हा मराठी माणसांचे दोन वर्ग आहेत, असं तुकोजींचं मत होतं. एक तलवार घेऊन आलेले आणि दुसरे दप्तर घेऊन आलेले. दप्तरवाल्यांत ते गिरणीतले कारकून, रेल्वेतले बाबू आणि माझ्यासारखे मास्तर धरत; आमच्याशी ते प्रेमानेच वागत, पण किंचित वरून. स्वतः धायगुडे तलवारवाले. त्यांचे पणजोबा रखमाजी धायगुडे संस्थानच्या दरबारात सरदार होते, आणि याचा पुरावा त्यांच्या बैठकीच्या खोलीत, दूरदर्शन संचाच्या बरोबर वर, काळ्या चौकटीत टांगलेला होता. नोकरीत छत्तीस वर्षं त्यांना कुणी साहेब म्हटलं नाही. बढतीच्या यादीत त्यांचं नाव दोनदा येऊन दोनदा गेलं. संध्याकाळी घरी येऊन चपला काढताना त्यांची नजर आधी त्या चौकटीकडे जाई, आणि मगच ते पाणी मागत. हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

फोटो शंभर वर्षांहून जुना, पिवळसर पडलेला. कोरीव खुर्चीवर एक भारदस्त गृहस्थ बसलेले. डोक्याला पगडी, भरघोस मिशा, गुडघ्यांवर आडवी तलवार. त्यांच्या मागे एक काटकुळा, सावळा माणूस उंच दांड्याची, झालर लावलेली छत्री त्यांच्यावर धरून उभा. तुकोजी तिला छत्री म्हणू देत नसत, छत्र म्हणत. फोटोच्या पाठीवर मोडीतून आणि खाली कुणीतरी देवनागरीत लिहिलेलं एकच नाव होतं: रखमाजी धायगुडे. चित्रात माणसं दोन आणि पाठीवर नाव एक. ते नाव खुर्चीवरच्याचं असणार, हे धायगुड्यांच्या तीन पिढ्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज पडली नव्हती.

यंदा डिसेंबरात आमच्या मंडळाने लालबागेच्या मैदानावर मेळावा भरवायचं ठरवलं, आणि त्यात 'आमचे पूर्वज' नावाचं प्रदर्शन. घरोघरचे जुने फोटो मांडायचे आणि त्यांतला एक निवडून प्रवेशद्वारावर सहा फुटी फलकावर लावायचा. मंडळाचा चिटणीस संजीव. त्याचे आजोबा रेल्वेत तिकीटबाबू होते. त्याने नियम ठरवले. दर्शनी फलकाचा फोटो एकट्या व्यक्तीचा हवा. आणि उद्घाटनाच्या दिवशी त्या घराण्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाने येऊन आपल्या पूर्वजाला हार घालायचा. फोटोंखालच्या परिचयाच्या ओळी लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं.

तुकोजी त्याच संध्याकाळी चौकट काखेत घेऊन माझ्याकडे आले.

"सरजी, दर्शनी फलक आपलाच. संजीवभियाशी बोलणं झालं. फक्त तो एकट्याचा फोटो मागून राहिला."

"यात तर दोघे आहेत. हा मागचा कोण?"

"असेल कुणी छत्रीवाला. दरबारात असे पन्नास असत." त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "दोन मिनिटांचं काम आहे."

"एकदा द्वारकाबाईंना विचारून घेतलं तर?" मी सुचवलं. द्वारकाबाई म्हणजे तुकोजींची आत्या, रखमाजींची नात. वय अठ्ठ्याऐंशी, महूला मुलाकडे राहतात. हार त्यांनीच घालायचा होता.

"आत्याला फक्त हार घालायचा आहे. तपासणी नाही करायची."

मी चौकट त्यांच्याकडे परत दिली. परक्या घराण्याच्या पूर्वजांविषयी दप्तरवाल्याने किती आग्रह धरावा, याला मर्यादा असते.

काम दोन मिनिटांचं निघालं नाही. चार दिवस लागले. छत्रीवाल्याभोवती गोल काढला की तो जाई, पण छत्रीही घेऊन जाई, आणि छत्रीशिवाय सरदार म्हणजे खुर्चीवर बसलेला एक मिशीवाला. एकदा माणूस जाऊन त्याच्या जागी केळीचं झाड आलं. एकदा तर छत्री राहिली, पण मोबाइलने तिच्या दांड्याला विजेचा खांब समजून त्यावर तारा ओढल्या. तुकोजींनी त्या ओळखीच्या नजरेने पाहिल्या आणि पुसल्या. शेवटी त्यांनी अगदी कडेकडेने, नखाएवढे गोल काढत तो माणूस आधी पायांपासून, मग कमरेपासून, मग चेहऱ्यापासून पुसत नेला. दांडा धरलेल्या बोटांपाशी मात्र अडलं. बोटं पुसली की दांडा तुटे. तेव्हा त्यांनी बोटं तशीच राहू दिली.

"अहो, दांड्याला बोटं आहेत," कुमुदिनीबाई चष्मा लावून म्हणाल्या.

"चांदीची मूठ आहे ती."

"चांदीच्या मुठीला नखं असतात का?"

"जुनी कारागिरी असायची तशी. तुला नाही कळायचं."

फोटो संजीवला पसंत पडला. "काकाजी, कसला क्लीन झाला आहे!" म्हणत त्याने तो छापायला दिला. मीही माझं काम केलं. 'दरबारी सरदार रखमाजी धायगुडे. संस्थानाकडून छत्राचा मान,' अशी ओळ लिहिली, आणि ती लिहिताना मला एवढंच जाणवलं, की रिकामी जागा आजूबाजूचं पाहून भरण्याची ही युक्ती नवी नाही. धायगुड्यांच्या घरी ती मोबाइलशिवाय तीन पिढ्या चालू होती, आणि आता मीही तिला हातभार लावला होता.

उद्घाटनाच्या सकाळी लालबागेच्या मैदानावर थंडी चांगलीच होती. प्रवेशद्वाराशी फलक उभा होता, सहा फूट उंच. मोठा केल्यावर फोटोतलं सगळंच मोठं झालं होतं. मोबाइलवर तांदळाच्या दाण्याएवढी असलेली बोटं आता भेंडीएवढी दिसत होती. तरी येणारे लोक मिशा आणि तलवार पाहून थांबत, तुकोजींना नमस्कार करत. "वा, साहेब, काय रुबाब!" एकाने म्हटलं. तुकोजींनी फेटा बांधला होता. साहेब हा शब्द ऐकून त्यांनी तो उगाच एकदा सारखा केला.

साडेनऊला जयेश महूहून द्वारकाबाईंना गाडीतून घेऊन आला. बाई काठी टेकत फलकासमोर उभ्या राहिल्या. संजीवने झेंडूचा हार त्यांच्या हातात दिला. फलकाच्या मापाचा, चांगला आठ हात लांब. त्या हार सांभाळत बराच वेळ वर पाहत राहिल्या.

"हे कोण बसलेत रे, तुक्या?"

तुकोजी हसले. "आत्या, चष्मा लावला आहेस ना? आपले रखमाजी. तुझे आजोबा."

"हे?" द्वारकाबाईंनी काठी फलकाच्या दिशेने उचलली. "माझे आजोबा जन्मात कधी खुर्चीवर बसले नाहीत. घरात खुर्ची होती कुठे?"

"आजीजी, फोटोच्या मागे नाव लिहिलेलं आहे," संजीव मध्ये पडला.

"असेल की. फोटो त्यांना बक्षीस मिळाला होता, म्हणून त्यांचं नाव. खुर्चीवरच्याने आपली प्रत स्वतःच्या घरी लावली असेल, तिच्यामागे त्याचं नाव." मग त्या तुकोजींकडे वळल्या. "आजोबा मागे उभे होते छत्री धरून. कुठे गेले ते?"

जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी दोघे-तिघे थांबले. तुकोजींचा हात खिशातल्या मोबाइलवर होता, तो तिथेच राहिला.

द्वारकाबाई फलकाच्या अगदी जवळ गेल्या आणि एकाएकी त्यांचा चेहरा उजळला. "अरे, हा हात आहे ना इथे! हा बघ. मोज. चारच बोटं. करंगळी लहानपणी गावी उसाच्या चरकात गेली होती. मी एवढीशी होते तेव्हा ह्या मुठीत फुटाणे धरून आणायचे माझ्यासाठी. करंगळीच्या फटीतून दोन-चार वाटेवर सांडायचे, आणि मी मागे मागे वेचत यायची." त्यांनी त्या छापील बोटांवर आपली बोटं ठेवली. "पण बाकीचे आजोबा कुठे आहेत?"

"आत्या," तुकोजी म्हणाले, "हे तू आजपर्यंत सांगितलं का नाहीस?"

"विचारलं कुणी? सोळाव्या वर्षी लग्न होऊन महूला गेले. आजोबा गेले तेव्हा तुझा बाप पाळण्यात. पुढे म्हणायचा, आजोबा त्या फोटोत आहेत. मी म्हणायचे, हो, आहेत. यात खोटं कोण बोललं?"

संजीवने तुकोजींना बाजूला घेतलं. मी तिथेच उभा असल्याने ऐकू आलंच. "काकाजी, टेन्शन घेऊ नका. आजीजींशिवाय कुणाला काही पता नाही. पाहुणे येऊनच राहिले. हार घालून घेऊ, पुढचं पुढे बघू. शेवटी फोटो तर किती भारी आला आहे!" त्याच्या बोलण्यात काळजी होती, आणि काळजीखाली थोडंसं समाधानही असावं. तिकीटबाबूच्या नातवाला असं सकाळी सकाळी रोज कुठे मिळतं?

"तुक्या," द्वारकाबाईंनी हाक मारली. हार त्यांच्या दोन्ही हातांवर ओथंबला होता. "लवकर सांग. हात भरून आले. कुणाला घालू?"

तुकोजींनी फलकाकडे पाहिलं. सरदार तसेच बसले होते. मिशा, तलवार, पगडी, सगळं जिथल्या तिथे. एक शब्द उच्चारला असता तर ते आयुष्यभर त्यांचेच राहिले असते. येणारा आणखी एक जण त्यांना नमस्कार करून गेला. मग तुकोजींची नजर त्या चार बोटांवर गेली, आणि माझी खात्री आहे, की चार दिवसांत त्यांनी ती पहिल्यांदाच मोजली.

"थांब आत्या. खुर्चीवर बस जरा. मी आलो," असं म्हणून ते कुणाची तरी स्कूटर मागून निघून गेले. फेटा त्यांनी निघताना माझ्याकडे दिला.

ते परतेपर्यंत पाऊण तास गेला आणि मधल्या काळात प्रमुख पाहुणे येऊन पोचले. ते फलकासमोर थांबले, वर छत्रीकडे पाहिलं, खाली आपोआप उभ्या दांड्याकडे पाहिलं आणि भाषणात म्हणाले, "त्या काळच्या दरबाराचं वैभव असं, की छत्राला धरायला माणूसही लागत नसे." टाळ्या झाल्या. कुमुदिनीबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

टाळ्या संपता संपता तुकोजी आले. काखेत काळी चौकट होती आणि तिच्या काचेवर वर्षानुवर्षांची धूळ. त्यांनी ती सदऱ्याच्या बाहीने पुसली आणि सहा फुटी फलकाच्या पायथ्याशी एका खुर्चीवर टेकवून ठेवली. द्वारकाबाई वाकल्या. काचेला नाक लागेल इतक्या जवळून त्यांनी पाहिलं.

"हे माझे आजोबा," त्या म्हणाल्या. मग मान वर करून, "बघ, तुझं नाक त्यांच्यावर गेलं आहे."

इतकी वर्षं तुकोजी आरशात त्या सरदाराच्या मिशा शोधत होते. त्यांनी नकळत नाकाला हात लावला.

हार फलकाच्या मापाचा होता, चौकट हातभर उंच. त्याचे चार पदर करूनही तो आवरेना. द्वारकाबाईंनी तो घातला तेव्हा झेंडूंच्या ढिगाखाली तलवार गेली, खुर्ची गेली, मिशा गेल्या, पगडीही गेली. वर राहिला तो एक सावळा, काटकुळा माणूस आणि त्याच्या हातातली छत्री. संजीव हार नीट करायला पुढे झाला.

"राहू दे भिया," तुकोजी म्हणाले. "नेमका बसला आहे."

एवढं झाल्यावर गर्दी बोलणारच. कुणी हळूच हसलं, कुणी 'अरे बाप रे' म्हटलं, आणि एका दप्तरवाल्या गृहस्थांनी मुद्दाम मोठ्याने विचारलं, "म्हणजे धायगुडेजी, तलवार नव्हतीच का तुमच्याकडे?"

"नव्हती," तुकोजी म्हणाले. "छत्री होती. वजनाला तलवारीपेक्षा जास्तच भरत असेल, आणि धरायची दिवसभर."

ते गृहस्थ पुढच्या फोटोकडे वळले. तुकोजींनी माझ्या हातातून फेटा घेतला. बांधला मात्र नाही, काखेत धरला.

"सरजी, ती ओळ बदलायला लागेल."

मी पेन काढलं. फलकाखालची छापील ओळ खोडणं शक्य नव्हतं, म्हणून एका पुठ्ठ्यावर लिहायला घेतलं.

"सांगा."

"उभे: रखमाजी धायगुडे. छत्रीधारक."

लिहिलं. मग विचारलं, "आणि बसलेले?"

तुकोजींनी वाकून झेंडूची दोन फुलं बोटाने बाजूला केली. खालून मिशीचं एक टोक दिसलं. त्यांनी ते क्षणभर पाहिलं आणि फुलं पुन्हा जागेवर ढकलली.

"लिहा, अज्ञात. असेल कुणी सरदार. दरबारात असे पन्नास असत."